केळीच्या पट्टीवरून प्रोग्रॅमिंग : व्हेरिएबल आणि इनपुट एकत्रच शिकवूया

यावलचा_मास्तर (धागाकर्ता)

मंडळी, नवख्या पोरांचा प्रोग्रॅमिंगचा पहिला तास सगळीकडे एकाच ठशाचा असतो. ‘तुमचं नाव टाका’ आणि मग पडद्यावर ‘नमस्कार अमुक’. पोरं खूश होतात, पण व्हेरिएबल, म्हणजे माहिती ठेवायला दिलेलं नाव, कशाला लागतं हे त्यातून काही कळत नाही. नाव आलं, छापलं, संपलं. दुसऱ्या तासाला बेरीज सांगितली की गाडी तिथेच अडते.

माझं ठाम मत आहे की व्हेरिएबल आणि इनपुट (माणसाला विचारून माहिती घेणं) हे दोन धडे वेगळे करू नयेत, आणि दोन्ही घरच्या खऱ्या हिशेबावरच शिकवावेत. आमच्या यावल-रावेर भागात हा हिशेब म्हणजे केळीची पट्टी, माल विकल्यावर व्यापारी देतो ती हिशेबाची पावती. ती घरोघरी असते आणि आठवीतल्या पोरालाही वाचता येते. वजन, भाव, कपात, हातात आलेली रक्कम. यातली एकही गोष्ट प्रोग्रॅम लिहिताना आधी ठाऊक नसते. भाव रोज बदलतो, वजन गाडीगणिक वेगळं, कपात व्यापाऱ्यागणिक वेगळी. म्हणून विचारावं लागतं, आणि जे विचारलं ते पुढच्या ओळीत वापरायचं म्हणून त्याला नाव द्यावं लागतं. पट्टी समोर ठेवली की हे पोरांना सांगावंही लागत नाही.

पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत असं. (इथे सगळं देवनागरीत उतरवतोय. मशीनवर प्रिंट, इनपुट, फ्लोट हे शब्द इंग्रजी स्पेलिंगनेच टंकायचे आणि कोडातले आकडेही इंग्रजीच. व्हेरिएबलची नावं मात्र पायथॉन ३ मध्ये खरोखर देवनागरीत चालतात.)

वजन_किलो = इनपुट("एकूण वजन किलोत: ")
भाव_क्विंटल = इनपुट("क्विंटलचा भाव रुपयांत: ")
रक्कम = वजन_किलो * भाव_क्विंटल / १००
प्रिंट(रक्कम)

हा प्रोग्रॅम मी मुद्दाम असाच चालवू देतो. दोन्ही प्रश्नांची उत्तरं घेतो आणि तिसऱ्या ओळीवर टाइपएरर देऊन थांबतो. कारण इनपुट जे हातात देतं तो नेहमी मजकूर असतो. तुम्ही १२४० टाका, पायथॉनला ती एक, दोन, चार, शून्य अशी चार अक्षरं दिसतात. अक्षरांना अक्षरांनी गुणता येत नाही. त्याचा आकडा आपण करायचा, फ्लोट (दशांशासह आकडा) लावून:

वजन_किलो = फ्लोट(इनपुट("एकूण वजन किलोत: "))

भावालाही तसंच. मग १२४० किलो आणि १८०० चा भाव टाकला की २२३२० येतात. पोरं लगेच मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर पडताळून बघतात, आणि ते मला फार आवडतं.

एवढी एक ओळ फळ्यावर उकलून दाखवायला मी पूर्ण तास देतो. ओळ आतून बाहेर वाचायची. आधी इनपुट थांबतं आणि माणूस एंटर दाबेपर्यंत वाट बघतं. मग आलेला मजकूर फ्लोटकडे जातो आणि त्याचा आकडा होतो. सगळ्यात शेवटी डावीकडचं नाव त्या आकड्याला लागतं. गणितातलं बरोबर चिन्ह दोन्ही बाजू सारख्या असल्याचं सांगतं. इथे ते एक काम करायला लावतं: उजवीकडचं आधी पुरं कर, मग डावीकडचं नाव लाव. हे नीट ठसलं की ‘एकूण = एकूण + रक्कम’ ही ओळ बघून पोरं चक्रावत नाहीत.

तुम्ही कसं शिकवता, कुठे अडतं, लिहा.

शिरपूरची_विद्यार्थिनी

सर, मी बारावीला आहे. कॉम्प्युटर नाही, मोबाईलवर करते. दोन अडचणी आहेत. १२ आणि ८ ची बेरीज केली तर १२८ येतात. आणि एका वेबसाइटवर प्रोग्रॅम प्रश्न विचारतच नाही, डायरेक्ट ‘इओएफ एरर’ येतो. कोड तोच आहे.

यावलचा_मास्तर

बेटा, दोन्ही प्रश्न चांगले आहेत. पहिल्याचं उत्तर वर आलंच आहे. दोन मजकुरांमध्ये अधिक चिन्ह ठेवलं की पायथॉन ते एकापुढे एक जोडतो. १२ ला ८ चिकटले, १२८ झाले. बेरजेत एरर येत नाही आणि चुकीचं उत्तर मिळतं, म्हणून ती गुणाकारापेक्षा जास्त फसवते. दोन्ही इनपुटांना इंट (पूर्ण आकडा) किंवा फ्लोट लाव.

दुसऱ्या अडचणीत तुझ्या कोडाचा काही दोष नाही. काही ऑनलाइन कंपायलर प्रोग्रॅम सुरू असताना थांबून विचारत नाहीत. त्यांच्याकडे इनपुटसाठी वेगळी चौकट असते, बहुधा ‘एसटीडी-इन’ असं लिहिलेलं. रन दाबायच्या आधी तिथे उत्तरं टाकून ठेवायची, एका ओळीत एक. चौकट रिकामी राहिली तर इनपुटला वाचायला काहीच मिळत नाही, म्हणून तो एरर. मोबाईलवरच करायचं तर पायड्रॉइड ३ टाकून घे, त्यात प्रोग्रॅम थांबून विचारतो आणि नेट नसलं तरी चालतो.

चोपड्याची_ताई

मी पाचवी-सहावीला स्क्रॅच शिकवते, म्हणजे ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायची मुलांची भाषा. तिथे तर व्हेरिएबल का हवं हे आपोआपच समोर येतं. स्क्रॅचमध्ये ‘विचारा आणि थांबा’ असा ठोकळा आहे, आणि उत्तर येतं ते ‘आन्सर’ नावाच्या एकाच जागी. मुलं आधी वजन विचारतात, मग भाव विचारतात, आणि शेवटी आन्सर गुणिले आन्सर करतात. १० किलो आणि ३० रुपये टाकले की ९०० येतात. दुसरं उत्तर आलं की पहिलं पुसलं जातं.

हे मी आधी सांगत नाही. ९०० कुठून आले ते मुलांनीच शोधायचं. वर्गातलं एखादं पोर म्हणतंच, ‘मॅडम, ३० गुणिले ३० होतंय.’ मग विचारते, वजन हवं असेल तर काय करायला पाहिजे होतं? ‘भाव विचारायच्या आधी कुठेतरी ठेवून द्यायचं.’ व्हेरिएबलची मला यापेक्षा चांगली व्याख्या नको. त्या दिवशी मी दुसरं काही शिकवत नाही.

यावलचा_मास्तर

ताई, हे फार मोलाचं आहे. पायथॉनमधून सुरुवात करणाऱ्यांना पहिलं उत्तर हरवल्याचा अनुभवच येत नाही. उद्या वर्गात दोन्ही इनपुट मुद्दाम एकाच नावात घेऊन बघतो.

चाळीसगावचा_मुनीम

मी आडत दुकानात हिशेब बघतो. एक्सेलवर हात बसला आहे, आता मुलाबरोबर पायथॉन शिकतोय. एक शंका आहे. रक्कम काढली, नंतर खाली भाव बदलला, पण रक्कम जुनीच छापली जाते. एक्सेलात भावाचा रकाना बदलला की बेरीज आपोआप बदलते. इथे तसं का नाही?

यावलचा_मास्तर

भाऊ, एक्सेलातल्या रकान्यात सूत्र राहतं. ज्यावर ते अवलंबून आहे ते बदललं की एक्सेल पुन्हा हिशेब करतं. पायथॉनमध्ये ‘रक्कम = वजन * भाव’ ही ओळ चालली त्या क्षणी जे उत्तर आलं ते रक्कमला मिळालं, आणि संबंध तिथेच तुटला. ते वजन-भावातून आलं होतं याची कसलीही आठवण रक्कमपाशी राहत नाही. भाव बदलला तर ती ओळ पुन्हा चालवावी लागेल.

मी पोरांना कागदावर तीन उभे रकाने आखायला लावतो: ओळ क्रमांक, व्हेरिएबल, त्यात आता काय आहे. मग एकेक ओळ बोटाने चालवायची आणि जे बदललं तेवढंच खोडून नवं लिहायचं. हा कागद भरताना रक्कम आपोआप बदलत नाही हे त्यांना स्वतःला दिसतं. मुलाकडूनही असा एक कागद भरून घ्या, तुमची दोघांची शंका मिटेल.

भुसावळ_जंक्शन

एककाबद्दल लिहितो, कारण मास्तरांनी वजन_किलो आणि भाव_क्विंटल अशी नावं दिली आहेत आणि घाईत ते वाचून पुढे जाल. नुसतं वजन आणि भाव ठेवलं असतं तर शंभरने भागायचं आहे हे कोडात कुठेच दिसलं नसतं. भागायला विसरलं तर वरच्याच पट्टीचे २२,३२० ऐवजी २२,३२,००० होतात. एरर येत नाही, पायथॉनला त्यात काहीच वावगं वाटत नाही.

मोठमोठ्यांचंही हे झालेलं आहे. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर १९९९ मध्ये मंगळापाशी पोचून नष्ट झालं. एका सॉफ्टवेअरने पाउंडाच्या हिशेबात आकडे दिले आणि दुसऱ्याने ते न्यूटनचे समजून वापरले. आकड्याबरोबर त्याचं एकक येत नाही, ते आपल्याला नावात लिहावं लागतं.

आपल्याकडे तर मणाचीही भानगड आहे. जुना मण ४० शेरांचा, म्हणजे सुमारे ३७.३ किलो. बोलताना लोक ४० किलो धरतात. नंदुरबारकडून सीमा ओलांडून गुजरातेत गेलं की कापसाचा मण २० किलोचा. प्रोग्रॅमात मण घ्यायचाच असेल तर मणाचे_किलो असं वेगळं व्हेरिएबल ठेवा आणि तेही विचारून घ्या.

आणखी एक, देवनागरी नावं देणाऱ्यांसाठी. ‘वाऱ्याचा_वेग’सारख्या नावातला ऱ्य काही कीबोर्डांवर न दिसणारा जोडवर्ण घालून टंकला जातो. पायथॉनला नावात तो चालत नाही, एरर येतो आणि पडद्यावर तर सगळं ठीक दिसतं. अशा वेळी सरळ ‘वेग’ ठेवावं.

साक्रीना_भाऊ

मास्तर, भारी लिखेल शे. मना पोऱ्याले ह्या पट्टीवरूनच समजनं.

आमच्या घरी पोराने आजोबांसाठी प्रोग्रॅम केला. इनपुटच्या कंसातला प्रश्न त्याने अहिराणीत लिहिला, ‘वजन कितलं शे? किलोमा सांगा’. आजोबांनी स्वतः आकडे टाकले. पण त्यांनी भावाला १,८०० असा स्वल्पविराम दिला, आणि एकदा पावतीवर लिहितात तसं १८००/- टाकलं. दोन्ही वेळा प्रोग्रॅम लाल अक्षरं देऊन बंद पडला. म्हातारा माणूस घाबरला, त्याला वाटलं आपण काहीतरी बिघडवलं.

यावलचा_मास्तर

भाऊ, हा प्रसंग प्रत्येक शिकाऊ पोराने वाचावा. आजोबांनी काहीच वेडंवाकडं केलं नाही. आयुष्यभर आकडा जसा लिहिला तसाच टाकला. त्यांच्या सवयीला सामावून घेणं हे प्रोग्रॅमचं काम आहे, आणि इनपुटचा अर्धा धडा इथेच आहे.

इंट आणि फ्लोट कुठे नरम आणि कुठे कडक ते पोरांनी एकेक टाकून बघावं. मागेपुढे मोकळी जागा सुटली तर दोघांनाही चालते. स्वल्पविराम चालत नाही. ‘/-’ चालत नाही. काही न टाकता नुसतं एंटर दाबलं तर व्हॅल्यूएरर. ७.५ टाकलं तर फ्लोट घेतं, पण इंट मजकुरातून सरळ ७.५ घेत नाही. आणि ज्याने मला फार आनंद झाला ते म्हणजे देवनागरी आकडे चालतात! इनपुटमध्ये १८०० मराठी अंकांत टाकलं तरी पायथॉनचं इंट ते बरोबर ओळखतं. जावास्क्रिप्ट ही दुसरी भाषा ओळखत नाही, तिथे ‘नॅन’ (हा आकडा नाही) मिळतं. आजोबांना मराठी कीबोर्डच लावून द्या.

स्वल्पविराम आणि ‘/-’ आपण काढून टाकू, आणि तरीही जमलं नाही तर पुन्हा विचारू:

व्हाइल ट्रू:
    मजकूर = इनपुट("क्विंटलना भाव काय शे? ")
    मजकूर = मजकूर.रिप्लेस(",", "").रिप्लेस("/-", "")
    ट्राय:
        भाव_क्विंटल = फ्लोट(मजकूर)
    एक्सेप्ट व्हॅल्यूएरर:
        प्रिंट("नुसता आकडा टाका, जसं १८००")
        कंटिन्यू
    इफ भाव_क्विंटल > ०:
        ब्रेक
    प्रिंट("भाव शून्याहून जास्त पाहिजे")

इथे दोन नावं मुद्दाम वेगळी आहेत. माणसाने टाकलं ते मजकूर, आपण तपासून पक्कं केलं ते भाव_क्विंटल. पुढचा सगळा हिशेब फक्त दुसऱ्या नावावर करायचा. आणि ‘चुकीचं इनपुट’ असं कधी छापू नका. काय टाकायचं ते सांगा, नमुना दाखवा.

अमळनेरचे_अण्णा

माझे दोन मुद्दे.

आमच्या भागातल्या एका क्लासच्या नोट्समध्ये आकडा घ्यायला इव्हॅल(इनपुट()) लिहायला शिकवलं आहे. कृपा करून हे कोणी उचलू नका. इव्हॅल म्हणजे माणसाने जे टाकलं ते पायथॉनचा कोड समजून चालवायचं. ५+५ टाकलं की १० मिळतात म्हणून पोरांना मजा वाटते, पण फाइल पुसायची आज्ञा टाकली तर तीही चालेल. बाहेरून आलेल्या मजकुराला आपल्या प्रोग्रॅमात आज्ञा करू द्यायची नाही, ही सवय पहिल्याच दिवशी लागली पाहिजे. पायथॉन २ मध्ये नुसतं इनपुटच असं वागायचं, मजकूर हवा तर रॉ-इनपुट वापरावं लागे. २००८ साली आलेल्या पायथॉन ३ ने ते बदललं आणि १ जानेवारी २०२० पासून पायथॉन २ चा अधिकृत सांभाळही थांबला. जुनी पुस्तकं वापरणाऱ्यांचा गोंधळ यातूनच होतो. पुस्तकात प्रिंटपुढे कंस नसेल तर ते पुस्तक बाजूला ठेवा.

दुसरं पोरांसाठी. विप्रोची सुरुवात १९४५ मध्ये आमच्या अमळनेरातून झाली, वनस्पती तुपाच्या कारखान्यातून. सॉफ्टवेअर त्यात कितीतरी नंतर आलं. हे काम पुण्या-बंगळुरूच्याच पोरांचं आहे असं मनात आणू नका.

शिरपूरची_विद्यार्थिनी

सर, पायड्रॉइडवर चाललं! आता बेरीज २० येते. अजून एक विचारू का? वजन क्विंटलमध्ये ७.९५ टाकलं तर इंट एरर देतो, म्हणून मी इंट(फ्लोट(इनपुट())) असं केलं. एरर गेला. हे बरोबर आहे का?

यावलचा_मास्तर

बेटा, एरर गेला, पण रक्कम छापून बघ. इंट दशांशानंतरचं सगळं कापतं, जवळच्या पूर्ण आकड्याकडे जात नाही. ७.९५ चे ७ झाले. म्हणजे ९५ किलो केळी हिशेबातून गेली. १८०० च्या भावाने १,७१० रुपये. ज्या घरात ते पैसे यायचे त्यांना ते शोधूनही सापडायचे नाहीत, कारण प्रोग्रॅम तर व्यवस्थित चालला.

वजनाला फ्लोट ठेव. इंट लाव ते मोजायच्या गोष्टींना: घड किती, गाड्या किती, हमाल किती.

पैशांबद्दल एवढं लक्षात ठेव की फ्लोट दशांश अपूर्णांक अगदी तंतोतंत साठवत नाही. ०.१ + ०.२ करून बघ, ०.३०००००००००००००००४ येईल. शिकताना छापण्याआधी राउंड(रक्कम, २) पुरेसं आहे. दुकानाचा खरा हिशेब करायचा असेल तर सगळी रक्कम रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांकात धरावी आणि छापताना तिचे रुपये करावेत, किंवा पायथॉनचं डेसिमल मॉड्यूल वापरावं. मुनीमभाऊंनी तर नक्कीच.

चाळीसगावचा_मुनीम

नोंद केली. पैशांचा फरक राहिला तर रात्रीचा मेळ बसत नाही, त्यामुळे हे मी सोडणार नाहीच. कागदावरचे रकानेही मुलाकडून भरून घेतले. भाव बदलल्यावर त्याने रक्कमही खोडायला पेन्सिल उचलली आणि थांबला.

नंदुरबारची_मिरची

आमच्याकडे केळी नाही, मिरची आहे. ओली लाल मिरची बाजारात येते, पथारीवर वाळते, मग सुकी विकली जाते. पोरांना हेच उदाहरण द्यायचं आहे. वजन विचारायचं, वाळल्यावर किती टक्के घट झाली ते विचारायचं आणि सुक्या मालाची रक्कम काढायची. मी ‘वजन = वजन - वजन * घट / १००’ असं लिहिलं आहे. चालेल ना?

यावलचा_मास्तर

उत्तर बरोबर येईल, पण ती ओळ बदला. त्या ओळीनंतर ओलं वजन कुठेच उरत नाही. खाली कोणी विचारलं की ओल्या मालाची खरेदी किती रुपयांची होती, तर सांगायला आकडाच नाही. चोपड्याच्या ताईंनी सांगितलेलं आन्सरचंच हे दुसरं रूप. दोन वेगळ्या गोष्टींना दोन नावं द्या:

ओलं_किलो = फ्लोट(इनपुट("ओल्या मिरचीचं वजन किलोत: "))
घट_टक्के = फ्लोट(इनपुट("वाळल्यावर घट किती टक्के? "))
सुकं_किलो = ओलं_किलो * (१०० - घट_टक्के) / १००

घट शून्य ते शंभरच्या आतच आहे का हे वरच्या व्हाइलसारखं तपासून घ्या. नाहीतर १०० च्या पुढचा आकडा पडला की सुकं वजन उणे येईल. भावही दोन लागतील, ओला_भाव आणि सुका_भाव, आणि दोन्हींच्या नावात किलो की क्विंटल ते लिहा. पथारीवरची खरी घट तिथल्याच कोणाला तरी विचारायला पोरांना पाठवा, स्वतः आकडा सांगू नका. आणि प्रोग्रॅम झाला की इथे टाका, पुढच्या वेळी आपण त्यातच दहा गाड्यांची वजनं लिस्टमध्ये घेऊ.